अण्णा, तुमची गाडी रांगेत लागली

अण्णा, तुम्हाला जाऊन आज एकवीस दिवस झाले आणि मी अजून तुमच्यावर रागावलेली आहे. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. म्हणोत बापडे. तुम्ही सतरा वर्षं माझ्याशी धडधडीत खोटं बोललात, आणि ते उघडकीला आलं तेव्हा भांडायला जागेवर नव्हतात. शाळेत एखाद्या मुलीनं असं केलं असतं तर मी तिला तासभर वर्गाबाहेर उभं केलं असतं. तुम्हाला कुठं उभं करू?

आपली ओळख झाली तीच मुळी या खोटेपणातून. आठवतंय का? वडील करमाळ्याला वकील होते. त्यांनी घेतलेली इंग्लिश बनावटीची ती छोटी काळी गाडी मालगाडीच्या वाघिणीतून जेऊर स्टेशनावर उतरली होती, आणि तिथून करमाळ्यापर्यंत ती बघायला रस्त्याच्या कडेला माणसं उभी होती, असं आई कौतुकानं सांगायची. वडील गेले. मी सोलापुरात मुलींच्या शाळेत भूमिती शिकवायला लागले, लग्नाच्या भानगडीत पडले नाही, आणि गाडी माझ्याकडे आली. बाईमाणूस मोटार हाकते म्हटल्यावर गाव बघायचंच. चौकात गाडी बंद पडली की हसायला दहाजण, ढकलायला एकही नाही. अशीच एकदा ती अक्कलकोट रस्त्यावर भर उन्हात बसली, आणि तुम्ही सायकलवरून उतरलात. गिरणीतली फिटरची पाळी संपवून घरी चालला होतात. बॉनेट उघडून बराच वेळ आत बघितलंत आणि म्हणालात, "बाई, हिचा पाण्याचा पंप ग्येलाय. तहानंनं मरतीय बिचारी."

"नवीन कुठं मिळेल?"

"हितं कुटला आलाय? मुंबैस्नं मागवाया लागतोय की."

"मग मागवा. पण ओरिजिनलच पाहिजे हं. दुसरं काहीबाही घातलेलं मला चालायचं नाही."

तुम्ही मान हलवलीत. पंधरा दिवसांनी इंग्रजी अक्षरांचा एक पुठ्ठ्याचा डबा घेऊन दारात हजर. त्यातून ग्रीस माखलेला पंप काढलात, बसवलात, गाडी चालू केलीत. निघताना म्हणालात, "डबा तेवढा मी नेतो बाई. परत लागतोय." मला वाटलं, मुंबईच्या दुकानदाराला परत द्यायचा असेल. काय अक्कल माझी! सिद्धतेशिवाय मुलींना एक पाऊल पुढं टाकू न देणारी मी, रिकामा डबा परत कशाला लागतो, हे सतरा वर्षांत एकदाही विचारलं नाही. आणि डबा दर खेपेला तोच होता, अण्णा. कोपऱ्यावर तेलाचा डाग असलेला. मी तो डागसुद्धा बघितला होता.

पुढं तुम्ही गिरणी सोडलीत आणि विजापूर रस्त्याला पत्र्याचं शेड टाकलंत. रविवारी सकाळी मी गाडी घेऊन यायची, काही बिघडलेलं असो नसो. तुमच्या पत्नी शांतव्वा चहा पाठवायच्या. तुम्ही बशीत ओतून पीत होतात आणि मी नाक मुरडत होते. आपण सारखे भांडायचो. तुम्ही म्हणायचात, तुमचं वर्तुळ फळ्यावरचं, त्याला कुणी फिरवून बघत न्हाय. मी म्हणायची, फळ्यावरचं वर्तुळ आहे म्हणून तुमचं लेथवरचं जमतं. तुम्ही हसून "हौदू, हौदू" म्हणायचात. पटलं की कानडीत हो म्हणायचं आणि नाही पटलं तरी कानडीत हो म्हणायचं, ही तुमची खोड. दुधनीच्या माणसाला हरवणं कठीण. तरी मला त्या रविवारांची इतकी सवय झाली होती की या तीन रविवारी मी गाडीची किल्ली हातात घेऊन उंबऱ्यात उभी राहिले आणि मग कळलं, आता जायचं कुठं?

तुमची स्वतःची ती गाडी तुम्ही कधी बांधायला घेतलीत ते मला नेमकं आठवत नाही. पेट्रोल महागलं आणि मोठाल्या अमेरिकन गाड्या लोकांना पोसवेनात, त्या सुमाराची गोष्ट. तुमच्या गावाकडं कुणाच्या तरी रानात अशी एक गाडी वर्षानुवर्षं पडली होती. आत कोंबड्या राहत होत्या. मागच्या सीटवर अंडी, पुढच्या सीटवर खुडूक कोंबडी. तुम्ही ती बैलगाडीवर चढवून आणलीत तेव्हा शांतव्वा आठ दिवस तुमच्याशी बोलल्या नाहीत. चिंचेची फांदी पडून छप्पर चेपलं होतं, म्हणून तुम्ही खांब कापून छप्पर चार बोटं खाली उतरवलंत. चाकांवरचे पत्रे गंजून चाळण झाले होते, म्हणून ते काढूनच टाकलेत. मिलिटरीच्या लिलावातल्या ट्रकचं इंजिन आणलंत. ते बॉनेटखाली मावेना, म्हणून बाजूचे पत्रे काढून इंजिन उघडं ठेवलंत. सीट सिनेमा थिएटरच्या मोडीतल्या खुर्च्यांची. रंग मोरपंखी, चादरीच्या कारखान्यात सुताला असतो तसा. गाव तिला खिचडी म्हणायला लागलं. तुम्हाला राग येईल असं मला वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "म्हनू दे की. खिचडीनं प्वाट भरतंय."

एकदा मला तुम्ही तिच्यात बसवलंत. मी नको नको म्हणत होते. मुळेगावच्या पुढं रस्ता मोकळा लागला आणि तुम्ही पाय दाबलात. काटा ऐंशीच्या पुढं गेला. खाली उतरवलेलं छप्पर, समोर उघडं इंजिन, पदर कुठं गेला पत्ता नाही, आणि एसटी मागं पडली! एसटीतली माणसं खिडकीतून डोकी काढून बघत होती. मी किंचाळले. परत आल्यावर तुम्ही विचारलंत, "कसं वाटलं बाई?" मी पदर सावरत म्हणाले, "बेजबाबदारपणा आहे हा सगळा." तोंड वाकडं करून घरी गेले. अण्णा, मला मजा आली होती. जन्मात कधी आली नव्हती इतकी मजा आली होती. भीतीनं किंचाळलेच नव्हते मी. घ्या, सांगितलं. त्याच दिवशी सांगितलं असतं तर माझं काय जात होतं?

आता त्या मंडळाकडं येते. आम्ही सोलापुरातल्या जुन्या गाड्यांच्या मालकांनी मिळून एक मंडळ काढलं. तेलगिरणीवाले रावसाहेब अध्यक्ष, दातांचे डॉक्टर खजिनदार, आणि लिहायला-वाचायला बरी म्हणून मी चिटणीस. यंदा जुन्या मोटारींचा मेळा भरवायचा ठरलं. कोणत्या गाड्या घ्यायच्या यावर पहिल्याच बैठकीत जुंपली. डॉक्टर म्हणाले, जी चालते ती येऊ द्या. रावसाहेब उसळले. "आज तो मिस्त्री आपली खिचडी घेऊन येईल, उद्या कुणी ट्रॅक्टरला छप्पर ठोकून आणेल. मेळा आहे की भंगारबाजार?" आणि मी कुणाच्या बाजूनं बोलले? रावसाहेबांच्या. नियम क्रमांक तीन माझ्या हातचा आहे: "गाडी मूळ रूपातच असावी; मूळ भागांखेरीज अन्य भाग जोडलेली गाडी स्वीकारली जाणार नाही." अर्धविरामासकट.

मला खरंच तसं वाटत होतं, अण्णा. रावसाहेबांना खूश करायला मी काही केलं नाही, एवढं तरी माना. वडिलांच्या गाडीचा एक खिळा बदलू नये म्हणून मी इतकी वर्षं जपलं. मूळ तसंच ठेवायचं, यातच मला सगळा अर्थ वाटायचा. तुम्ही अर्ज पाठवलात. शांतव्वांच्या भाच्यानं लिहून दिलेला, खाली तुमची कानडीतली सही. आणि नकाराचं पत्र मंडळाच्या वतीनं चिटणिसांनी, म्हणजे मी लिहिलं.

पुढच्या रविवारी मी शेडमध्ये आले तर तुम्ही शर्टाच्या खिशातून ते पत्र काढलंत. चार घड्या घातलेलं. "बाई, मराठी अक्षर लावाया यळ लागतोय मला. वाचून दावा की." मी म्हणाले, अण्णा, तुम्हाला माहीत आहे त्यात काय आहे ते. तरी तुम्ही ते पुढं धरलेलंच. मग मी वाचलं. माझंच पत्र, माझ्याच तोंडानं, तुमच्याच स्टुलावर बसून. "आपली गाडी मूळ रूपात नसल्याने खेदपूर्वक कळवण्यात येते की." तुम्ही शेवटपर्यंत ऐकलंत आणि म्हणालात, "अक्षर लई झ्याक हाय." मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

पण मी गप्प बसणारी नाही. मी उलट तुम्हालाच समजावायला लागले. म्हटलं, "अण्णा, त्रिकोणाला चौथी बाजू जोडली की तो त्रिकोण राहत नाही."

"चौकोन हुतो की. चौकोन काय वंगाळ असतोय व्हय?"

"पण मेळा त्रिकोणांचा आहे ना!"

तुम्ही पाना खाली ठेवलात. तुम्हाला रागावलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं. आवाज चढला नव्हता, पण तुम्ही माझ्याकडं बघत नव्हतात. "तुमच्या त्रिकोनात काय वरिजनल हाय, त्ये मला इचारू नका बाई."

"म्हणजे काय? काय म्हणायचंय तुम्हाला?"

"काय न्हाय. च्या घ्या."

मी चहा घेतला नाही. तरातरा उठून निघून आले. त्यानंतर दोन रविवार मी मुद्दाम आले नाही. माझा राग ओसरल्यावर येईन म्हटलं. आणि तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी तुम्ही त्याच स्टुलावर बसल्या बसल्या गेलात. समोर उघडं इंजिन, हातात बशी. कुणाला हाकसुद्धा मारली नाहीत.

तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणं तुम्हाला बसवून नेलं. कपाळभर विभूती, गळ्यात फुलं, पाठ ताठ. मी गल्लीच्या कोपऱ्यावर उभी होते. गाडी चालवायला बसायचात तसेच दिसत होतात. मला रडू आलं नाही. मला तुमच्यापर्यंत धावत जाऊन विचारावंसं वाटत होतं, की काय वरिजनल नाही माझ्या गाडीत? ते सांगून जा आधी!

पाचव्या दिवशी शांतव्वांना भेटायला गेले. त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बाई, तुमचं सामान शेडात लटकलंय. तेवढं घिऊन जावा."

"माझं कसलं सामान?"

त्या उठल्या आणि मला शेडच्या मागल्या भागात घेऊन गेल्या. तिथं तुम्ही मला कधी येऊ दिलं नव्हतं. अंधार असतो, विंचू असतात, असं सांगायचात. भिंतीवर तारेनं लटकवलेले लाकडाचे नमुने होते. पंप, झाकणं, दातेरी चाकं, काय काय. सागवानाचे, कानशीनं आणि काचेच्या तुकड्यानं घासून गुळगुळीत केलेले. ओताऱ्याकडं नेऊन वाळूत दाबायचे, तो खळगा पडला की त्यात वितळलेलं पितळ ओतायचं, असं शांतव्वांनी मला सांगितलं. पितळ गिरणीच्या मोडीतलं. प्रत्येक नमुन्यावर कानडीत काहीतरी लिहिलेलं. मी म्हटलं, वाचा. त्या बोट ठेवून वाचायला लागल्या.

"हे 'बाई'. हे पन 'बाई'. हे 'तेल', म्हंजी रावसाहेबांचं. हे 'दात', डाक्टरचं. हे 'बाई'. हे 'बाई'."

नऊ निघाले माझ्या नावाचे. नऊ! मी ते एकेक हातात घेतले. त्यातल्या एका दातेरी चाकाचे दात मी मोजले, मधले कोन बघितले. चूक नव्हती. आणि फळीवर तो पुठ्ठ्याचा डबा होता, कोपऱ्यावर तेलाचा डाग असलेला. मुंबईचा माल म्हणून सोलापुरातल्या सगळ्या हौशी मालकांच्या दारात फिरून आलेला.

"त्ये म्हनायचे," शांतव्वा म्हणाल्या, "बाईस्नी सांगितलं तर दुसऱ्या दिशी गाडी मुंबैला धाडतील. हातनं केल्यालं चालत न्हाय त्यास्नी."

मी नाही म्हणू शकले नाही. मी तसंच केलं असतं. मुंबईच्या दुकानदाराचं नाव घातलेला पंप चार महिन्यांत गळला असता तरी मी त्याला ओरिजिनल म्हणून मिरवलं असतं. तुमचा पंप सतरा वर्षं गळला नाही. माझी ती मूळ रूपातली, वडिलांची, पवित्र गाडी तुमच्या नऊ तुकड्यांवर चालत होती, आणि मी तुम्हाला पत्र लिहिलं, खेदपूर्वक.

त्या स्टुलावर मी पत्र वाचत होते तेव्हा तुम्ही एवढंच म्हणायला हवं होतं: बाई, मागं या, भिंत दावतो. एका शब्दात माझं तोंड बंद झालं असतं. का नाही बोललात? मला वाईट वाटेल म्हणून? अण्णा, काय समजलात मला? वडिलांची गाडी तशीच्या तशी आहे या माझ्या समजाला धक्का लागू नये म्हणून तुम्ही स्वतःच्या गाडीचा मेळ्यातला हक्क सोडलात. असले उपकार मला नकोत. मी त्याबद्दल तुमची आभारी आहे आणि मी ते तुम्हाला कधी माफ करणार नाही. दोन्ही एकदम असतं माणसाच्या पोटात, हे या वयात मला तुमच्यामुळं कळलं.

मी ते सगळे नमुने पोत्यात भरले. शांतव्वांना म्हटलं, नेऊ का? त्या म्हणाल्या, न्या की, पर भांडनं नका करू. ते मात्र मला जमण्यातलं नव्हतं.

मेळ्याच्या आदल्या दिवशी डॉक्टरांच्या दवाखान्यात बैठक होती. रावसाहेबांनी तुमच्यासाठी ठराव आणला होता. मेळ्याच्या दाराशी तुमचा फोटो ठेवायचा, हार घालायचा, दोन मिनिटं उभं राहायचं. "गुणी मिस्त्री होता," ते म्हणाले. मी विचारलं, आणि गाडी? ते म्हणाले, "बाई, नियम तुमचाच आहे की. भावना वेगळी, नियम वेगळा." मी पोतं टेबलावर उलटं केलं. डॉक्टरांची चहाची कपबशी खाली पडली. पडू दे.

"हा डॉक्टरांचा. हे दोन, रावसाहेब, तुमचे. आणि हे नऊ माझे."

डॉक्टरांनी आपला तुकडा उचलून उजेडात धरला. रावसाहेब म्हणाले, "कशावरून? कुणीही लाकूड कोरून आणेल." बैठकीला येण्याआधीच मी माझं बॉनेट उघडून बघून आले होते. तुमच्या प्रत्येक नमुन्याच्या एका कडेला तीन बारीक आडव्या रेघा असतात, विभूतीच्या. त्या ओतताना पितळावर उतरतात. म्हटलं, चला बाहेर. डॉक्टरांची गाडी उघडली, तीन रेघा. रावसाहेबांची ती लांबलचक गाडी, जिच्याजवळ ते कुणाला फिरकू देत नाहीत, ती उघडली. तीन रेघा, एकदा इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर आणि एकदा खाली झाकणावर. रावसाहेबांनी रुमाल काढून ते पुसून बघितलं. रेघा कशा जातील?

"ही गोष्ट इथंच राहू दे," ते हळूच म्हणाले.

"का म्हणून?"

"लोक काय म्हणतील, बाई?"

मी म्हणाले, नियम पाळायचा असेल तर उद्याचा मेळा रद्द करा, कारण सोलापुरात त्यात बसणारी गाडीच नाही. माझ्यापासून सुरुवात करा. नसेल पाळायचा तर अण्णांची गाडी रांगेत उभी राहणार. श्रद्धांजली म्हणून दाराशी नाही, रांगेत. डॉक्टर म्हणाले, मी बाईंच्या बाजूनं. रावसाहेब घाम पुसत म्हणाले, असू दे, शेवटी उभी करा. मंडळाच्या वहीत मी लिहिलेला नियम क्रमांक तीन मीच खोडला. अर्धविरामासकट.

आणि काल मेळा झाला, अण्णा. सकाळी मी आधी माझी गाडी नेऊन लावली. बॉनेट उघडं, समोर चादर अंथरून तुमचे नऊ नमुने ओळीनं मांडलेले, वर पुठ्ठ्याची पाटी: हे सगळं सोलापुरात केलेलं आहे. डॉक्टरांनीही आपलं बॉनेट उघडलं. रावसाहेबांचं दिवसभर बंद होतं. मग मी शेडमध्ये आले आणि तुमची गाडी काढली. पाय क्लचला पोचेना, म्हणून शांतव्वांनी पाठीमागं उशी दिली. "तुम्ही पण बसा," मी म्हटलं. त्या आधी नाही नाही म्हणाल्या, मग डोक्यावरचा पदर घट्ट करून बसल्या. तुमचं ते स्टिअरिंग म्हणजे बैल वळवायचं काम आहे, सांगून ठेवते. दोनदा बंद पडली, तिसऱ्यांदा उठली ती मैदानापर्यंत कुणाच्या बापाची भीड न बाळगता गेली. यंत्रमागावरची माणसं काम सोडून दारात आली होती. कुणीतरी ओरडलं, "आली बघ खिचडी!" आणि टाळ्या पडल्या. आम्ही रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिलो.

दुपारी रावसाहेब माईकवर आले. रिवाज असा ठरला होता की गाडीचं नाव, बनवणाऱ्याचं नाव आणि मालकाचं नाव पुकारायचं, मग त्या मालकानं एकदा इंजिन चालू करून दाखवायचं. एकेक गाडी झाली. इंग्लंडचं नाव झालं, अमेरिकेचं झालं, टाळ्या झाल्या. आमच्या शेजारची गाडी झाली. आणि रावसाहेब म्हणाले, "आता आपण बक्षीस समारंभाकडं वळू या."

तुम्हाला गाळलं, अण्णा. रांगेत उभं राहू दिलं आणि नाव तेवढं गिळलं.

मी किल्ली फिरवली. तुमच्या त्या ट्रकच्या इंजिनाला धड सायलेन्सर नाही, हे तुम्हाला माहीत आहेच. मी पाय दाबला. माईकचं काही ऐकू येईना. रावसाहेबांचं तोंड हलत होतं एवढंच दिसत होतं. पोरं शिट्ट्या मारायला लागली. मी पाय काढला नाही. रावसाहेब माईक सोडून तावातावानं माझ्यापर्यंत आले.

"बाई, बंद करा ते!"

"नाव घ्या!"

"काय?"

"नाव घ्या म्हणते! बनवणाऱ्याचं!"

शांतव्वांनी माझ्या दंडाला हात लावला. "बाई, पानी तापायलंय." समोर वाफ दिसायला लागली होती. मी म्हटलं, तापू दे. जळलं इंजिन तरी मी आज उठत नाही. रावसाहेब इकडं तिकडं बघत राहिले. डॉक्टर आपल्या गाडीला टेकून उभे होते, ते तिथूनच ओरडले, "घ्या की हो नाव! तुमच्या गाडीतही त्यांचेच तुकडे आहेत!" सगळं मैदान आमच्याकडं बघत होतं. शेवटी रावसाहेब परत गेले. त्यांनी माईक हातात धरला, तेव्हा ऐकू येण्यापुरता मी पाय सैल केला.

"शेवटची गाडी. बनावट सोलापूर. बनवणार शिवलिंगप्पा."

"पूर्ण!" मी खिडकीतून ओरडले.

"शिवलिंगप्पा मल्लप्पा. राहणार दुधनी."

शांतव्वा माझ्या शेजारी ताठ बसल्या होत्या. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी तुमचं नाव कधी तोंडानं घेतलेलं नव्हतं, तुमच्याकडं बायका घेतच नाहीत. पुढं जमलेल्या पोरांपैकी एकानं विचारलं, "काय म्हनला? नाव कळलं न्हाय." शांतव्वांनी डोक्यावरचा पदर मागं सारला, खिडकीतून वाकल्या आणि त्याला तुमचं नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, स्पष्ट, मोठ्यानं. मग मी इंजिन बंद केलं.